उसना बिल्ला

४ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. डॉक्टरांनी वाकायची मनाई केली आहे, तेव्हा नमस्कार उभ्यानेच घातला असं समज.

अखेर बिल्ला आला. पोस्टमनने तो आईच्या हातात दिला, त्यामुळे माझ्या हातात यायच्या आधी शेजारची सगळी घरं फिरून आला. कोटाच्या बटणापेक्षा थोडा मोठा आहे, पांढऱ्या धातूचा. पुढे 'सेवा बजावली' अशी अक्षरं, मागे नंबर. आजारपणामुळे ज्यांना फौजेतून घरी पाठवलं त्यांच्यासाठी आहे हा. वरून धडधाकट दिसणारा तरुण भर लढाईच्या दिवसांत रस्त्याने हिंडताना दिसला की लोक विचारतात, तू इथे काय करतोस? त्याला हे सरकारी उत्तर. सोबत नियमांची चिठ्ठी आहे. बाहेर पडताना छातीवर लावावा, हरवल्यास चौकीत कळवावे, दुसऱ्या कुणाला वापरायला दिल्यास दोघांनाही तुरुंग.

उशिरा का होईना, आला ते बरं झालं. मागच्याच आठवड्यात बसमध्ये एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "हातात बांगड्या भरल्यात का रे?" मी सांगणार होतो की बाई, माझ्या काळजाची एक झडप नीट मिटत नाही. पण तेवढं बोलायला जो दम लागतो, तोच नेमका माझ्याकडे नसतो.

आईच्या तोंडून ऐकशील तर ही लढाई मी एकट्यानेच अंगावर घेतली होती. खरं काय ते तुला ठाऊक आहे. छावणीत ताप आला, सांधे सुजले, आणि ताप जाता जाता काळजाला हात लावून गेला. शत्रू मी अजून पाहिलेला नाही. आता महिन्यातून एकदा लष्करी दवाखान्यात जायचं, दारावर बिल्ला दाखवायचा, गोळ्या घ्यायच्या. या गोळ्या बाजारात मिळत नाहीत, सगळ्या फौजेने उचलल्या आहेत. बिल्ला नसेल तर दारावरचा शिपाई आत सोडत नाही.

मास्तरांनी दुकानात परत घेतलं. शिवणकाम बसून करायचं असतं, हे माझं नशीब. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
बारक्या


१२ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद, त्यातला सगळ्यात मोठा छातीसाठी.

बिल्ला लावून खुशाल हिंड. आईला मिरवू दे, तिला दुसरं आहे काय मिरवायला? आणि जिने चढू नकोस. मास्तरांना सांग, वरच्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाकडे दुसऱ्याला पाठवा.

आमच्याकडे सगळ्यांचा जीव टांगणीला लागला आहे. सासूबाईंचा थोरला आघाडीवरून परत आला नाही, ते तुला माहीतच आहे. हे डोळ्यांनी अधू, म्हणून यांना कुणी विचारत नाही. राहिले धाकटे भावोजी. रेल्वेच्या पार्सल कचेरीत आहेत म्हणून आजवर सुटले, पण आता त्या कामावर बायका घेणार म्हणे. म्हणजे पुरुष मोकळे, आणि मोकळे म्हणजे फौजेत. दाराची कडी वाजली की सासूबाई आधी भावोजींना माळ्यावर पाठवतात आणि मग दार उघडतात. काल दूधवाला होता. त्याला बिचाऱ्याला कळेना की एक लिटर दूध घ्यायला या घरात एवढा वेळ का लागतो.

मी हसले, तर सासूबाई म्हणाल्या, "तुला काय, तुझा भाऊ सुटला." तेव्हापासून हसत नाही.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. आजचा नमस्कार बसून.

बिल्ल्याचं कौतुक पंधरवडाभर पुरलं. आधी बसमध्ये लोक मला जागा द्यायचे. मग माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. बिल्ल्यावरची अक्षरं कुणी वाचत नाही, याला काहीतरी रोग आहे एवढंच ओळखतात. काळजाची झडप कुणाच्या डोक्यात येत नाही, सगळ्यांना क्षयच आठवतो. परवा एक गिऱ्हाईक कोटाच्या मापाला आलं. मी टेप गळ्याभोवती नेली तर हा श्वास रोखून उभा. श्वास रोखून माप दिलं की कोट हमखास घट्ट होतो. मी म्हटलं, "साहेब, श्वास सोडा." तर म्हणतो, "आधी तू लांब हो."

मास्तर माणूस वाईट नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, तो बिल्ला जरा दुकानात काढून ठेवत जा." मी काढला. दुसऱ्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांचे दोन्ही मुलगे आघाडीवर आहेत. माझ्याकडे बोट करून मास्तरांना म्हणाले, "एवढा घोडा दुकानात लपवून ठेवलाय, लाज नाही वाटत?" झालं. आता मी मागच्या खोलीत, पडद्याआड. फौजेच्या शर्टांची काजं करतो. ढीग संपत आला की मास्तर नवा आणून टाकतात. खोलीला खिडकी आहे, पण ती शेजारच्या भिंतीवर उघडते.

बिल्ला लावला तर रोगी, काढला तर पळपुटा. इकडे आड आणि तिकडे विहीर. त्यातल्याच एका विहिरीत हा बिल्ला टाकून द्यावा असं रोज वाटतं. कुणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जावा. वर मी त्याच्या शर्टाची काजं फुकट करून देईन.

तुझा,
बारक्या


१० एप्रिल

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. इकडे उन्हाळा फार आहे. पाणी एक वेळ येतं. यांचे डोळे तसेच आहेत.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता लिहितेच.

भावोजींना हुकूम आला. सासूबाईंनी अन्न सोडलंय. त्या पाण्याचा घोट घेतात आणि थोरल्याच्या फोटोकडे बघत बसतात. त्यांचे भाऊ, म्हणजे यांचे मामा, लांब डोंगरात असतात. लाकडाची वखार आहे त्यांची. तिकडे भरतीवाले फिरकत नाहीत. पण तिथवर जायला गाड्या बदलाव्या लागतात आणि प्रत्येक स्टेशनवर गस्त आहे. पार्सल कचेरीतले लोक सांगतात की छातीवर बिल्ला दिसला तर गस्तीवाले पुढे काही विचारत नाहीत, उलट सलाम करतात.

तुझा बिल्ला फक्त प्रवासापुरता हवा आहे. भावोजी पोचतील त्याच दिवशी टपालात टाकतील.

तू लिहिलंस ना, कुणाला हवा तर घेऊन जावा? रागात लिहिलंस, ते मला कळतं. तरी मी ते वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. का दाखवलं, मलाच सांगता येत नाही. त्या माझा हात धरून रडल्या. या घरात आल्यापासून त्यांनी माझा हात पहिल्यांदा धरला. आता सगळं घर माझ्या तोंडाकडे बघतंय.

नाही म्हणालास तरी मी समजेन.

तुझी,
ताई


१६ एप्रिल

ती. ताईस,

जिभेला हाड नसतं हे ऐकून होतो. लेखणीलाही नसतं हे आता कळलं.

'नाही म्हणालास तरी समजेन' हे वाक्य लिहून तू माझं नाही म्हणणं बंद केलंस. लहानपणापासून तुझी हीच रीत. असो. सोबत उशीचा अभ्रा पाठवतोय. एका कोपऱ्याला दुहेरी शिवण आहे, ती हलक्या हाताने उसव.

तुझ्या दिरांना नीट सांग. खोकायचं नाही. खोटा आजारी खोकतो. खरा आजारी जिना दिसला की थांबतो आणि चपलेचा पट्टा सारखा करतोय असं दाखवतो. कुणी विचारलं कुठे लढलास, तर गप्प बसायचं. मी छावणीत पाहिलंय, जे खरोखर जाऊन आले ते बोलत नाहीत. आणि सलाम केला तर उलट सलाम करायचा नाही, नुसती मान हलवायची. पार्सल कचेरीतले हात लगेच ओळखू येतात.

महिनाअखेरीला माझी दवाखान्याची तारीख आहे. त्याआधी बिल्ला परत हवा. आईला सांगितलंय की पॉलिश करायला दिला.

सासूबाईंना म्हणावं, आता जेवा.

तुझा,
बारक्या


२३ एप्रिल

प्रिय बारक्या,

पाहुणे सुखरूप पोचल्याचं कार्ड आलं. वाटेत एका म्हाताऱ्याने त्यांना खिडकीची जागा दिली म्हणे. सासूबाई जेवल्या. हे अंधूक डोळ्यांनी तुझं पत्र किती तरी वेळ हातात धरून बसले होते.

तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. बिल्ला चार दिवसांत येईल.

तुझी,
ताई


९ मे

ती. ताईस,

नमस्कार. बिल्ला आला नाही. टपालाचा घोळ असेल असं धरून चाललोय.

बिल्ला नाही म्हणून मी रस्त्याने जात नाही. दुकानातच मुक्काम केलाय. डबा आई आणून देते, आणि प्रत्येक वेळी विचारते, "एवढे दिवस काय घासतायत त्या बिल्ल्याला?"

परवा गस्तीवाले आमच्या गल्लीत शिरले. मास्तरांनी मला कापायच्या टेबलाखाली ढकललं आणि वरून खाकी कापडाचा अख्खा तागा सोडला. याच कापडाचा शर्ट घालून मी कवायत केली होती. आता त्याच्याच आडोशाला त्याच फौजेपासून लपलो. गस्तीवाला टेबलाला टेकून उभा. जाईल असं वाटलं, तर म्हणतो, "मास्तर, एवढी पँटीची कंबर सैल करून द्या, जेवण झालं की आवळते." मास्तरांनी शिवण उसवली, कापड सोडलं, परत टीप मारली, वर इस्त्रीही फिरवली. तोवर मी खाली. त्याचे काढून ठेवलेले बूट माझ्या नाकापाशी. ताई, हसू आलं होतं, पण हसायला परवानगी नव्हती.

सुटकेचा कागद माझ्याजवळ आहे. पण कागद दाखवला की पहिला प्रश्न, बिल्ला कुठे? हरवला म्हणालो तर तो नंबर सगळ्या स्टेशनांवर आणि चौक्यांवर जाणार आणि तुझे दीर सापडणार. दिला म्हणालो तर आम्ही दोघं आत, आणि तिसरी तू. म्हणून मी काहीच म्हणत नाही.

दवाखान्याची तारीख गेली. गोळ्या अर्ध्या करून घेतोय. तू एकदा मामांना तार कर.

तुझा,
बारक्या


२० मे

प्रिय बारक्या,

रागावू नकोस, आधी सगळं वाच.

बिल्ला टपालात नाही. भावोजींच्याच कोटावर आहे. डोंगरातल्या लोकांनी असा बिल्ला कधी पाहिलेला नाही. त्यांना तो रोगाचा वाटत नाही, शौर्याचा वाटतो. भावोजी उतरले त्या दिवशी वखारीतल्या माणसांनी त्यांची पेटी उचलली. मामांनी त्यांना हिशेबाच्या खुर्चीवर बसवलं. आता तिथल्याच एका चांगल्या घरातली मुलगी सांगून आली आहे आणि लग्न ठरलंय. मुलीच्या वडिलांना लढाईच्या गोष्टी ऐकायला आवडतात, आणि भावोजी सांगतात. गप्प बसायचं एवढी तुझी एकच गोष्ट त्यांनी ऐकली नाही.

ते लिहितात, आता बिल्ला काढला तर लोक विचारतील, गेला कुठे? लग्न होईपर्यंत राहू दे. पत्रात ते 'माझा बिल्ला' असं लिहितात.

मी सासूबाईंपाशी विषय काढला. म्हणाल्या, "तुझा भाऊ घरातच तर बसलाय. त्याला कसली घाई?"  तुझ्या गोळ्यांचं अजून त्यांना सांगितलेलं नाही. माहेरचा रोग हा शब्द एकदा या घरात आला की तो माझ्या मुलींच्या लग्नापर्यंत पुरेल.

आणखी थोडे दिवस, बारक्या. पूर्ण विश्रांती घे.

तुझी,
ताई


२७ मे

ताई,

आता विनोद सुचत नाही.

पाय सुजले आहेत. बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. आडवं झालं की दम लागतो, म्हणून शर्टांच्या ढिगाला टेकून बसून झोपतो. गोळ्या संपल्या. मास्तरांनी एक डॉक्टर मागच्या दाराने आणला. त्याने नाडी पाहिली आणि म्हणाला, लष्करी दवाखान्यात जा, माझ्याकडे हे औषध नाही. मास्तर त्याला म्हणाले, "तो जाऊ शकला असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

विश्रांती घे म्हणतेस. तुझे दीर माझा आजार छातीवर लावून नवरदेव होतात आणि मी विश्रांती घेऊ? त्यांचं जगणं मला मान्य आहे. त्यांचं मिरवणं माझ्या काळजाच्या जोरावर चालणार नाही.

दहा जूनपर्यंत बिल्ला माझ्या हातात आला नाही तर मी चौकीत जाऊन हरवल्याची नोंद करणार. मला जगायचंय, ताई. एवढं साधं आहे हे.

बारक्या


४ जून

बारक्या,

मोठी असून तुझ्या पाया पडते, नोंद करू नकोस.

भावोजींनी हुकूम मोडलाय. नुसते सापडले असते तर फौजेत धाडलं असतं. दुसऱ्याच्या बिल्ल्यासकट सापडले तर भिंतीपाशी उभं करून गोळी घालतील. थोरल्यामागे हाही गेला तर सासूबाई जगणार नाहीत, आणि त्या जगल्या तर मला जगू देणार नाहीत. 'बिल्ला कुणाच्या माहेरचा?' हा प्रश्न आयुष्यभर माझ्या ताटात वाढला जाईल. यांच्यापाशी बोलायला गेले की हे मूग गिळून बसतात. एक त्यांचा भाऊ, एक माझा. ते तरी काय बोलणार?

तू की भावोजी असं कुणी मला विचारलं तर उत्तर माझ्या ओठांवर आहे. पण या घरात ते उच्चारता येत नाही.

लग्न पंचवीस तारखेला आहे. गस्तीला माग लागू नये म्हणून इकडून कुणी जाणार नाही. ते झालं की मी स्वतः जाते आणि बिल्ला घेऊन तुझ्याकडे येते. तेवढा धीर धर. तू सहन केलंस ना आजवर? तू नेहमीच माझं ऐकलंस.

तुझी,
ताई


१३ जून

चि. ताईस,

आशीर्वाद. बारक्या पोचला का? मंगळवारी डबा घेऊन दुकानात गेले तर मास्तर म्हणाले, सकाळी चौकीत जातो म्हणून गेला तो परत आलाच नाही.  मग काल त्याचं कार्ड आलं, हवापालटाला ताईकडे जातोय, काळजी करू नकोस. आता आईला तोंड न दाखवता जायचं म्हणजे काय? पण जाऊ दे. त्या कोंदट खोलीतून सुटला हे बरं झालं. पाय फार सुजले होते पोराचे. मला दिसू नयेत म्हणून पायांवर शर्ट टाकून बसायचा, जसं काही मला डोळेच नाहीत.

अंगावरच्या कपड्यांनिशी गेलाय. छत्रीसुद्धा इथेच खुंटीला आहे. पावसात भिजू देऊ नकोस त्याला. उशाला दोन उश्या दे. आणि चौकीत कशाला गेला होता ते विचार. मला मेलीला कुणी काही सांगत नाही.

पोचल्याचं लगेच कळव.

आई


१५ जून

ती. ताईस,

नमस्कार. हे पत्र भाऊजींना दाखव, पण सासूबाईंना नको.

दहा तारखेला मी चौकीत गेलो. तुझं पत्र खिशात होतं. बाकावर बसून ते पुन्हा वाचलं आणि ठरवलं की नोंद करायचीच. माझा नंबर आला. हवालदाराने मान वर न करता विचारलं, "काय हरवलं?"

मी म्हटलं, "छत्री."

"रंग?"

"काळा."

"काही खूण?"

"मुठीला दोरा गुंडाळलाय."

त्याने सगळं सावकाश लिहून घेतलं. लेखणीला शाई लावायला तो मध्ये थांबला. तेवढ्यात खरं सांगता आलं असतं. पण मला तू दिसायला लागलीस, त्या घरात, हातात ताट घेऊन. मी सही करून बाहेर पडलो.

कोपऱ्यावर भरतीची गाडी उभी होती. पळायचं म्हटलं तर पायांनी साथ द्यायला हवी. सुटकेचा कागद दाखवला असता तर बिल्ल्याची चौकशी सुरू झाली असती आणि ती तुझ्या दारात येऊन थांबली असती. म्हणून गाडीत चढताना तो मुठीत चुरगाळून खाली सोडला. नाव विचारलं, तर दुसरंच सांगितलं. छावणीतल्या डॉक्टरला मात्र म्हणालो, माझ्या काळजाची झडप बिघडलीय, हे पाय बघा. तो म्हणाला, "सकाळपासून तू तिसरा काळजाचा. कागद आहे?" मी म्हटलं, नाही. "मग पुढे चल." पुढच्याची जीभ बघायला तो वळलासुद्धा.

कोणतं नाव दिलंय ते तुला लिहीत नाही. लिहिलं तर तू धावत येशील, सगळं खरं सांगशील आणि मी केलेलं वाया जाईल. तुझ्या घरचं लग्न आधी पार पडू दे.

इथले शर्ट कुणा आंधळ्याने शिवलेत देव जाणे, काजं दोन दिवसांत उसवली. रात्रीच्या आत माझी आणि शेजारच्या दोघांची नीट करून दिली. शिवणखात्यात घ्या म्हणून अर्ज केलाय. बघू.

एक सांगतो. काल आम्हाला शहरातून चालत नेलं. लोक बाजूला होऊन वाट देत होते. मी इथे काय करतोय असं कुणीही विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, तेवढं अंतर बरं वाटलं. मग चढ लागला.

आईला सांभाळ.

तुझा,
बारक्या


५ जुलै

बारक्या,

हे मास्तरांच्या पत्त्यावर पाठवतेय. परत आलास तर तू आधी दुकानात जाशील, म्हणून. आईला मी कळवलंय की तू पोचलास आणि अंग धरायला लागलास. आता आपण दोघंही तिच्याशी खोटं बोलतोय.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे उठले, माझी पेटी खाली काढली आणि म्हणाले, "जा." एवढंच. लग्नाच्या आदल्या दिवशी मी डोंगरात पोचले. अंगणात माणसं बसली होती आणि भावोजी मधोमध. जखमी मित्राला पाठीवर घेऊन नदी कशी ओलांडली ते सांगत होते. सगळे माना डोलावत होते. मी सरळ पुढे गेले आणि त्यांच्या कोटावरून बिल्ला काढला. पिन अडकली, कापड थोडं फाटलं. म्हटलं, "भावोजी, हा माझ्या भावाचा आहे. तो परत फौजेत गेला, तुमच्या जागी."  मुलीचे वडील उठून आत गेले. भावोजी रडायला लागले रे, लहान पोरासारखे. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. वाटलं नाही. ते त्याच दुपारी जंगलाच्या वाटेने कुठेतरी गेले. सासूबाईंनी निरोप पाठवलाय की या घरात तुला जागा नाही. मुली यांच्यापाशी आहेत.

तुझ्या पाकिटावर छावणीच्या गावाचा शिक्का होता. तिथे आलेय. एका धोबिणीकडे खोली घेतली आहे, फौजेचेच कपडे धुते ती. कचेरीत गेले आणि साहेबांच्या टेबलावर बिल्ला ठेवला. सगळं सांगितलं. म्हटलं, मागितला मी, पाठवला मी, मला काय ती शिक्षा करा, पण याला सोडा, याचं काळीज धड नाही. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. नंबर पाहून तुझं नाव काढलं. म्हणाले, "या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. कोणत्या नावाने भरती झालाय?"

मी म्हटलं, तेच तर माहीत नाही.

"दिसायला कसा?"

मी सांगितलं, उंच, बारीक, काजं फार सुरेख करतो. ते थकलेलेच होते. बिल्ला माझ्याकडे परत सरकवून म्हणाले, "बाई, आधी माणूस ओळखून आणा. मग तुम्हाला अटकही करू आणि त्याला सोडूही." आत शिरू देत नाहीत. ओळख पटवायला माणूस लागतो आणि माणूस बघायला आत जावं लागतं.

म्हणून मी फाटकापाशी उभी राहते. रोज सकाळी तुकड्या स्टेशनकडे निघतात. टोप्या सारख्या, पाठीवरची ओझी सारखी, तोंडं नीट दिसायच्या आत पुढे गेलेली असतात. जो मागे पडतो, ज्याला दम लागलेला असतो, त्याच्याकडे मी आधी बघते.

आज लाज सोडली आणि जीव खाऊन ओरडले, "बारक्या!"

रांगेतल्या कितीतरी जणांनी मान वळवली. प्रत्येक घरात एक बारक्या असतोच. एकाने तर हात वर करून ओ दिली, "काय गं ताई?"

तो तू नव्हतास. मी त्याला म्हटलं, "सांभाळून जा रे." तो हो म्हणाला आणि गेला.

उद्या आणखी एक तुकडी निघणार आहे.

तुझी,
ताई